पाचशे तीन घोडे

४ मार्च

डायनो आला, गाडीची ताकद मोजायचं यंत्र. शनिवारी येणार होता, आज सोमवारी आला, आणि उशीर झाल्याबद्दल ट्रकवाल्याने माझ्याकडूनच सहानुभूतीची अपेक्षा ठेवली. मी त्याला पाणी दिलं.

लारिसात आणि आसपासच्या सगळ्या सपाट मुलखात गाडीची खरी ताकद मोजायची तर आजवर एकच जागा होती, आर्गिरिसचं गॅरेज. गाडीच्या संगणकातलं पेट्रोलचं आणि ठिणगीचं गणित मी बसवायचं, टर्बो मी बदलायचा, आणि शेवटी रोलरवर चढवायला गाडी त्याच्या दारात न्यायची. कागद त्याचा, शिक्का त्याचा. लोक म्हणायचे, "आर्गिरिसच्या गाड्या पळतात हं." आता रोलर माझे आणि कागदही माझा. या मोसमात लोकांनी माझा आकडा मानला तर मी ट्यूनर. नाही मानला तर आम्ही म्हणजे ऑइल बदलून देणारा म्हातारा थिमिओस आणि त्याची मुलगी, बस.

आर्गिरिस परका असता तर इतकं टोचलं नसतं. बाबा त्याचे धर्मपिता, बाप्तिस्म्याच्या कुंडातून त्याला त्यांनीच उचलून घेतलंय. पाना धरायला तो याच गॅरेजात शिकला, माझ्या आधी.

यंत्र बसवणारा माणूस बोलका होता. जाताना त्याने पेनाएवढी एक दांडी दाखवली. "ही खोलीची हवा बघते. हवा तापलेली असली की इंजिनाला दम कमी मिळतो, म्हणून यंत्र आकडा तेवढा वाढवून देतं. उन्हाळ्यात मोजा की हिवाळ्यात, माप एकच. हिला थंड जागी टांगा, एक्झॉस्टच्या धुरापासून लांब." मी कपाटामागचा कोपरा दाखवला. तिथे ऊन नाही, धूर नाही. त्याने खिळा ठोकला आणि म्हणाला, "उत्तम जागा."

बाबांनी त्याला दोन कॉफ्या पाजल्याशिवाय सोडलं नाही.

११ मार्च

बाबांचं आणि पंख्याचं जमत नाही. गाडी रोलरवर जागच्या जागी दोनशेच्या वेगाने पळते, तेव्हा तिच्या तोंडावर वारा सोडायला तो पुरुषभर उंचीचा पंखा लागतो. तो लागला की दाराजवळच्या टेबलावरची बाबांची शेगडी विझते.

"हा पंखा आहे की विमान?"

"इंजिनाला वारा लागतो बाबा."

"आणि माणसाला कॉफी लागत नाही वाटतं."

दोन दिवस धुसफूस चालली. आज त्यांनीच तोडगा काढला. कपाटामागे वारा पोचत नाही, तिथे शेगडी मांडली, कॉफीची लांब दांड्याची भांडी खिळ्याला अडकवली, एक खुर्ची सरकवली. "हा माझा विभाग," म्हणाले. बरं झालं. माझ्या पायात तरी येणार नाहीत.

आज कागदाची रचनाही केली. यंत्रातून निघतो तो कागद सरकारी दाखल्यासारखा दिसतो. वरच्या कोपऱ्यात तापमान, हवेचा दाब, दमटपणा असल्या चार ओळी असतात, त्या कोण वाचतो? तिथे आमच्या गॅरेजचा छाप म्हणून घोडा बसवला, चौखूर उधळलेला. खाली मोठ्ठा आकडा. मला फार आवडला.

२२ मार्च

वायोस बेकरीवाला आला. बरोबर मेव्हणा, मेव्हण्याचा मित्र, आणि उपासाचे दिवस म्हणून तिळाच्या कड्यांची पिशवी. त्याची ती जपानी हॅचबॅक सगळं गाव ओळखतं, पहाटे पाव पोचवायला तीच जाते. आर्गिरिसने तिला चारशे पंचावन्न घोड्यांच्या ताकदीवर आणून सोडली होती.

"मला पाचशे पाहिजेत," वायोस म्हणाला. "चारशे नव्व्याण्णव आले तर मी इथेच बसून रडणार."

"रडायला बाहेर बाक आहे," मी म्हटलं.

सकाळभर राबले. इंधनाचं प्रमाण, टर्बोचा दाब, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आर्गिरिसने इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत पेट्रोल जरा जास्तच सोडलंय; त्याने इंजिन जपलं जातं पण ताकद मरते, तो भित्रा आहे. एकेक घोडा ओढून काढत दुपारपर्यंत चारशे एकाहत्तरला आणली. तिथे मात्र अडली ती अडलीच. वायोसने बाकाकडे बघायला सुरुवात केली.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "पाहुण्यांना कॉफी विचारली का कुणी? थांब, आधी कॉफी ठेवतो, मग चालव."

एवढ्या माणसांची कॉफी, ती पण बाबांच्या पद्धतीने मंद आचेवर दोन दोन पेल्यांची. मी तोवर इग्निशनची ठिणगी अर्धा अंश आधी पडेल असं केलं आणि पुन्हा चालवली. पाचशे तीन.

वायोसने मला उचललं. मेव्हण्याने बाबांना उचलायचा प्रयत्न केला, त्यांनी हातातल्या गरम भांड्याचा धाक दाखवला.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "कॉफी ठेवली की यंत्र खुशीत येतं. परवा त्या दातांच्या डॉक्टरच्या गाडीलाही असंच झालं. मी बघतोय कधीचा."

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "बाबा, सरकारी ऑफिसात चालतं ते यंत्राला चालत नाही." तरी ते आपल्या मतावर ठाम.

अर्ध्या अंशाने बत्तीस घोडे मिळत नाहीत, हे मला कळतं. पण इंजिन कधी कधी एकदम खुलतं. तीन वेळा चालवून पाहिली, आकडा तोच. यंत्र खोटं का बोलेल?

२५ मार्च

वायोसने कागद फ्रेम करून बेकरीत लावला, येशूच्या तसबिरीच्या जरा खाली. बाबा चौकातल्या कॉफीच्या दुकानात रोज एकदा पाचशे तीन सांगून येतात. या आठवड्यात पाच गाड्यांच्या वेळा लागल्या. इतकी खूष मी लग्नातही नव्हते. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते सोडा.

१४ एप्रिल

जुन्या विमानतळावर मोसमाचा सराव होता. धावपट्टीवर चारशे मीटर, दोन दोन गाड्या, शेवटी हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर लागलेला वेळ आणि रेषा ओलांडतानाचा वेग.

वायोस दिव्याकडे बघत बसला आणि उशिरा सुटला. वेळ वाईट येणारच होता. पण आर्गिरिसने चिठ्ठी हातात घेतली आणि वेळ बघितलाच नाही. अंगठा वेगावर ठेवला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"अँथी, ही पाचशे तीनवाली ना?"

"हो."

"माझं गिऱ्हाईक तासोस, त्याचीही गाडी हीच आहे, हेच मॉडेल. माझ्या कागदावर चारशे सत्तर. ती दोनशेने गेली."

"वायोसला गाडी सोडता येत नाही. त्याला पाव भाजता येतो."

वायोस शेजारीच होता. "तेही बायको करते," म्हणाला.

आर्गिरिस हसला नाही. "वेळ चालवणाऱ्याचा असतो गं. शेवटचा वेग इंजिनाचा. हे उस्तादांनीच शिकवलंय आपल्याला." उस्ताद म्हणजे बाबा. त्याने शांतपणे सांगितलं, तेच मला लागलं. भोवती निम्मं गाव उभं होतं. मी म्हटलं, तुझा डायनो कंजूष आहे. तू तो मुद्दाम कमी दाखवायला लावलायस, म्हणजे पट्टीवर तुझ्या गाड्या कागदापेक्षा शूर दिसतात.

"असं वाटतं तुला?"

"मला माहीतच आहे."

त्याने चिठ्ठी वायोसच्या हातात दिली आणि गेला. घरी येताना बाबा खिडकीबाहेर बघत होते. कापसाची पेरणी चाललीय, एवढंच बोलले.

१६ एप्रिल

कारण सापडलं. वायोसची गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. गेल्या मोसमातल्या उरलेल्या कापसाच्या ट्रॉलीमागून आमची हॅचबॅक काट्यावर चढली तेव्हा काटेवाला म्हणाला, "ओलावा किती धरू?"

गाडी पन्नासेक किलोने जड निघाली. डिकी उघडली. आत स्पीकरची पेटी आणि पिठाचं पोतं.

"वायोस, हे काय?"

"पीठ."

"शर्यतीला?"

"तिथून परस्पर गिऱ्हाइकाकडे टाकायचं होतं."

पाचशे घोडे आणि वर पोतं. मी काट्यावरच हसत सुटले, दोन दिवसांचं ओझं उतरलं. आर्गिरिसला फोन करून सांगावंसं वाटलं, मग वाटलं कशाला, २६ मेला मोठी शर्यत आहे, तिथेच बघेल.

घरी येऊन हिशोब मांडला. पोतं आणि पेटी काढली तरी गाडी दोनशेच्या थोडीशीच वर जाते. पाचशे तीन घोडे खरे असतील तर दोनशे चार-पाच हवी. उरलेला वारा असणार. त्या दिवशी समोरून वारा होता, असं आता आठवतंय.

२८ एप्रिल

वायोसचा नावाचा दिवस, त्याला वाढदिवसापेक्षा मोठा. बेकरीत गर्दी, सगळ्यांना गोड. मी गेले तर तो माझ्या नजरेला नजर देईना. मला वाटलं उपास बाधला. शेवटी भट्टीमागे नेऊन खिशातून कागद काढला. आर्गिरिसच्या डायनोवर गेला होता, मला न सांगता. चारशे एकाहत्तर.

"तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही," म्हणाला, "आणि मला झोप लागेना म्हणून गेलो."

"आणि आता लागते?"

"आता तर मुळीच नाही. दोन डॉक्टर, दोन रोग. कुणाचं औषध घेऊ?"

मी त्याला सांगितलं की आर्गिरिसचा डायनो सगळ्यांनाच कमी देतो. त्याने मान डोलावली. पटल्यावर माणूस अशी मान डोलवत नाही. फ्रेम भिंतीवर अजून होती, पण तिच्यापुढे आता ईस्टरच्या गोड पावांची चळत रचली होती, फक्त घोड्याचे पाय दिसत होते.

घरी येताना पहिल्यांदा भीती वाटली. आर्गिरिसची नाही. खिळ्यासारखा बारीक आकडा आहे, चारशे एकाहत्तर, मला कुठेतरी टोचतोय. आधी कुठे बघितला ते आठवत नाही.

५ मे, ईस्टर

आर्गिरिस आला नाही. कळायला लागल्यापासून ईस्टरला तो आमच्याकडे असतो. निखाऱ्यांवर कोकरू फिरवायला पहिला हात त्याचा, लाल अंडं बाबांच्या अंड्यावर आपटायचं ते त्यानेच. आज फोन आला, बायकोच्या माहेरी चाललोय म्हणाला. तिचं माहेर आमच्या मागच्या गल्लीत आहे.

बाबांनी सगळ्यांना अंडी वाटली, एक बाजूला ठेवलं आणि ते देवापाशी नेऊन ठेवलं. मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर रागावलाय."

"नाही."

"मग?"

"कोकरू जेव. गार होतंय."

रागावले असते तर बरं होतं. मी भांडले असते.

१० मे

बाबा चार दिवस गॅरेजात आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. त्याच गुडघ्याने चौकात मात्र जाऊन येतात.

आणि नेमकं आताच यंत्राला काय झालंय? या आठवड्यात चार गाड्या चढवल्या, चारही कमी. दातांच्या डॉक्टरची गाडी, मार्चमध्ये इथेच तीनशे वीस दिलेली, काही न बदलता तीनशेवर आली. तो दात काढायच्या आधी बघतात तसा माझ्याकडे बघत होता. यंत्र बसवणाऱ्याला फोन केला. पट्टे बघा, रोलरची बेअरिंग बघा, तारा बघा म्हणाला. सगळं उघडलं, साफ केलं, आवळलं. फरक नाही. शर्यत जवळ आलीय आणि मी अडकलेय.

१४ मे

सुटलं. काल रोलरची बेअरिंग पुन्हा नीट बसवली, आणि आज डॉक्टरची गाडी तीनशे एकोणीस. बेअरिंगच होती.

बाबाही आज आले. आल्या आल्या कपाटामागे गेले, शेगडी पेटवली, डॉक्टरांना कॉफी दिली. अजून फारसे बोलत नाहीत, पण आले. यंत्र आणि बाप एकाच दिवशी रुळावर आले म्हणायचे. वायोसला निरोप पाठवला, पाचशे तीन म्हणजे पाचशे तीन.

२६ मे

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

विमानतळावर अख्खा जिल्हा लोटला होता. आर्गिरिसची आणि माझी बोलाचाली सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे वायोस आणि तासोस समोरासमोर आले तेव्हा भाजलेल्या मांसाच्या गाड्यांपाशीही कुणी उरलं नाही. दोन्ही गाड्या आधी तोलल्या, सारख्याच भरल्या. पोतं नव्हतं. मी स्वतः डिकीत वाकून बघितलं. वायोस म्हणाला, "खिसेही तपास."

दिवा लागला आणि वायोस असा सुटला की मलाच खरं वाटेना. महिनाभर पाव पोचवताना प्रत्येक सिग्नलला सराव केला म्हणे. पहिल्यापासून पुढे होता, शेवटपर्यंत राहिला. जिंकला. आयुष्यातला सगळ्यात चांगला वेळ. मेव्हणा रडला. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, कितीतरी दिवसांनी.

मग चिठ्ठ्या आल्या. दोन्हींवर शेवटचा वेग दोनशे. तासोस, कागदावर चारशे सत्तर, दोनशे. वायोस, कागदावर पाचशे तीन, दोनशे. तेच ऊन, तीच पट्टी, तोच वारा, तेच वजन. उशिराचं कारण नाही, पिठाचं नाही. माझ्या हातात एकही कारण उरलं नव्हतं. वायोस जिंकला तो सुटल्यामुळे. माझे तीस घोडे त्या पट्टीवर कुठेच नव्हते.

आर्गिरिस शेजारी येऊन उभा राहिला. दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या हातात होत्या. ध्वनिक्षेपकवाला माईक घेऊन धावत आला, "बोला, कोण खरं? कागद कुणाचा खरा?"

आर्गिरिस म्हणाला, "वायोस जिंकला ना? मग झालं. त्याला विचार, पाव कधी मिळणार." लोक हसले. त्याने चिठ्ठ्या घडी करून खिशात घातल्या.

त्याने चारचौघांत मला खोटं पाडलं असतं तर मी उद्या सकाळी त्याचा द्वेष करत उठले असते. हे मला झेपत नाहीये. एप्रिलमध्ये याच जागी मी त्याच्यावर काय काय ओतलं होतं.

गर्दी पांगल्यावर त्याने फक्त एक विचारलं, "तुझ्या कागदावर हवामान का नसतं गं? माझ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तापमान असतं."

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला घोडे हवे असतात, हवामान नको."



२७ मे

सकाळी गॅरेज उघडलं आणि वायोसचा मार्चचा कागद पुन्हा काढला, या वेळी घोडा न बसवता. वरच्या कोपऱ्यात चार ओळी. खोलीचं तापमान एकसष्ट.

मार्चमध्ये. मी स्वेटर घालून काम करत होते.

त्याच दिवसाचा आधीचा कागद काढला. तापमान सतरा, आकडा चारशे एकाहत्तर. हाच तो टोचणारा खिळा. मीच काढला होता हा आकडा, दुपारी, आणि तासाभरात विसरले होते, कारण मला पाचशे हवे होते. डॉक्टरचे दोन कागद काढले. तीनशे वीसवर अठ्ठावन्न, तीनशेवर एकोणीस.

दांडी बिघडली असणार म्हणून ती काढायला कपाटामागे गेले. बाबा खुर्चीवर बसून सकाळची कॉफी करत होते. शेगडीची निळी ज्योत, तिच्यावर भांडं, आणि भांड्यावर वीतभर उंचीवर खिळ्याला टांगलेली माझी दांडी. काळी झालेली, वर कॉफीच्या फेसाचे वाळलेले ठिपके. यंत्राला अडीच महिने वाटत होतं की हे गॅरेज वाळवंटात आहे, बिचाऱ्या इंजिनाला दम लागतोय, द्या त्याला थोडे घोडे.

मी आर्गिरिसचं यंत्र तपासलं मनातल्या मनात, वायोसचं पोतं तपासलं, वारा, बेअरिंग, पट्टे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बेअरिंगला तर मी शाबासकीही दिली होती.

"बाबा, शेगडी विझवा," मी म्हटलं. "आता पेटवा. आता विझवा." रोलरवर माझीच गाडी होती. विझवली की आकडा खाली, पेटवली आणि जरा थांबलं की वर.

बाबांचा चेहरा उजळला. "मी काय सांगत होतो? पहिल्यापासून सांगतोय, कॉफी ठेवली की खुशीत येतं! तुम्ही हसलात."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दांडीकडे, मग ज्योतीकडे. या माणसाने आयुष्यभर इंजिनं उघडलीत, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी शेगडी बंद केली. भांडं हातातच राहिलं.

"म्हणजे पाचशे तीन..." ते म्हणाले.

"चारशे एकाहत्तर."

"मी चौकात सगळ्यांना सांगितलंय."

"मी जिल्ह्याला सांगितलंय."

"माझ्या कॉफीने तुझं नाव घालवलं, पोरी."

हे मला ऐकवेना. "दांडी मी टांगली बाबा. शेगडी नंतर आली. आणि तापमान कागदावर छापलेलं होतं, त्याच्यावर घोडा मी बसवला. तुम्ही तर उघड सांगत होतात." खरंच होतं ते. पण त्यांनी कॉफी ओतून टाकली. मी त्यांना कॉफी ओतून टाकताना पहिल्यांदा बघितलं.

२८ मे

दांडी समोरच्या भिंतीवर नेली. घोडा काढला. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन केले की कागद चुकला, पुन्हा या, फुकट मोजून देते. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझे वीस घोडे तुम्ही उपटले." दोघांनी फोन आपटला. एकाने कागद नेटवर टाकून वर लिहिलं, 'अँथीचे हवेतले घोडे.' वाचून मी गॅरेजच्या मागे जाऊन थोडी रडले. हे चालणारच, आणि काही दिवस चालेल.

वायोसकडे स्वतः गेले. त्याने फ्रेम उतरवली, बघितली, म्हणाला, "जिंकलो ते तरी खरं ना?"

"ते तुझं आहे. त्यात माझा काही वाटा नाही."

"मग कागद दे चारशे एकाहत्तरचा. फ्रेम आहेच."

१ जून

बाबा गॅरेजात येतात, पण शेगडी पेटवत नाहीत. मी पाणी ठेवते म्हटलं तर नको म्हणतात. गिऱ्हाइकांना बाहेरून कॉफी मागवतात, कागदी पेल्यात. हे घर मला ओळखू येत नाही.

म्हणून आज देवापाशी ठेवलेलं ते लाल अंडं घेतलं आणि आर्गिरिसच्या गॅरेजला गेले. तो गाडीखाली होता. मी त्याच्या पायांशीच बोलले. कंजूष म्हटलं, मुद्दाम म्हटलं, चारचौघांत म्हटलं, सगळं परत घेते म्हणाले. पाय हलले नाहीत. मग आवाज आला, "काय होतं शेवटी?"

"कॉफी."

तो सरकून बाहेर आला. मी सगळं सांगितलं. शेगडीपाशी आले तेव्हा त्याने तोंडावर हात ठेवला, आणि मग दोघंही हसलो, अगदी पोट धरून. अंडं पुढे केलं. "हे तुझं. ईस्टरपासून ठेवलंय. खाऊ नकोस, मरशील."

"उस्ताद कसे आहेत?"

"शेगडी पेटवत नाहीत."

तो हात पुसून तसाच माझ्याबरोबर आला. वायोसची गाडी नव्या कागदासाठी रोलरवरच होती. बाबा कपाटामागे हात बांधून बसले होते. आर्गिरिसला बघून उठले.

"उस्ताद, घरी आलेल्या माणसाला कॉफी नाही?" आर्गिरिस म्हणाला. "दोन महिने झाले."

"मोजून होऊ दे आधी."

"मोजताना ठेवा. मला बघायचंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. शेगडी पेटली. मी पंखा लावला, गाडी चालवली, आणि आम्ही सगळे यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिलो, बाबा हातात भांडं घेऊन. चारशे एकाहत्तर. कोपऱ्यात तापमान सव्वीस.

"वाढला नाही," बाबा म्हणाले. जरासे हिरमुसलेच.

आर्गिरिस कागद घेऊन बराच वेळ बघत होता. "ही माझ्याकडून चारशे पंचावन्नवर गेली होती," तो म्हणाला. "मी आठवडा घालवला होता हिच्यावर, त्याच्या वर काही निघेना. हे सोळा कुठून काढलेस?"

पाचशे तीनबद्दल मला दोन महिन्यांत सगळ्यांनी विचारलं. या सोळांबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"वरच्या फेऱ्यांत पेट्रोल जास्त सोडलं होतंस," मी म्हटलं. "तू भित्रा आहेस."

"दाखव."

मी संगणक त्याच्याकडे वळवला आणि त्याने खुर्ची ओढली. बाबांनी दोघांच्या मध्ये पेले ठेवले. कॉफीवर फेस चांगला धरला होता.